मितेशला एक मॅच बाहेर

४ जानेवारी १९९९
आज ग्राउंडवर वाईट झालं. मी पांढरी फक्की टाकून रेषा आखत होतो. टिप्या कुत्रा नेहमीसारखा मधल्या रेषेवर झोपलेला. मितेश प्रॅक्टिसला आला. मितेश म्हणजे आमच्या मंडळाचा स्टार. कंपनीत नोकरी, पण काम एकच, कबड्डी खेळायची. पोरं म्हणाली, दादा, ती फेमस लाथ दाखव ना. त्याने दाखवली. टिप्यावर. मागचा पाय मोडला, आवाज मला ऐकू आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीपण दोन-चार वाजवल्या, हाताची फक्की झटकायची होती.
ठरवलं. उद्या अध्यक्षांना सगळं सांगायचं. आठवी नापास असेन, पण गप्प बसणाऱ्यातला नाही.

५ जानेवारी
अध्यक्षांकडे गेलो. चंद्रहास भाऊ जेवत होते. जेवणाऱ्या माणसाला कुत्र्याचं सांगू नये. परत आलो.

६ जानेवारी
गेलो नाही. अर्धवट तयारीने जाण्यात अर्थ नाही.

९ जानेवारी
रेजिना मावशी आली. होळी गावची, इथे बोळिंज नाक्यावर भाजी विकते. टिप्याला पाव तीच घालते. तिनेच त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. पाय कापावा लागला. चौकीत गेली तर हवालदार म्हणाला, साक्षीदार आण. मला म्हणाली, बाबा, तू होतास ना तिथं? बोलनार ना? म्हटलं, मावशी, छातीठोक बोलणार. तिने केळ्यांची फणी दिली. लाच नाही, प्रेमाने.
मागच्या वर्षी एका रिक्षाखाली कुत्रं आलं, तर आमच्याच पोरांनी रिक्षावाल्याला बदडून चौकीत नेलं होतं. आता मितेशला काय करतात बघतोच. न्याय म्हणजे न्याय.

१३ जानेवारी
पाटणहून आल्यापासून इथे सगळे मला फक्की म्हणतात. आज मितेशने खांद्यावर हात ठेवून जयराम म्हटलं. म्हणाला, तुझा पाय हलका आहे, टूर्नामेंटला तुला राखीव घेऊ. कुत्र्याचा विषय त्याने काढला नाही. मीपण नाही. मोठी माणसं अशा गोष्टी नजरेने बोलतात.
विचार केला. बाहेरून बोललो तर एकदाच बोलणार. टीममध्ये शिरलो तर आतून सुधारणा करता येईल. एसटीडीवरून गावी फोन केला. आईला सांगितलं, टीममध्ये आहे. ती रडली.

१७ जानेवारी
मावशीच्या तक्रारीवरून मंडळात मीटिंग. मावशी दाराशी उभी. खुर्ची कोणी दिली नाही. मी दिली असती, पण मलाच नव्हती. भाऊ म्हणाले, बोल रे जयराम, काय बघितलंस? मितेश खाली बघून अंगठ्याला पट्टी बांधत होता. मी म्हटलं, भाऊ, नेमकी तेव्हाच डोळ्यात फक्की गेली. हे खोटं नाही. फक्की उडतेच. त्या दिवशी नसेल, पण कधी ना कधी गेलीच आहे.
मावशी म्हणाली, डोल्यात गेली का तोंडात? आणि निघून गेली.
तरी शिक्षा झाली. माझा दबाव होताच. मितेशला एक मॅच बाहेर. पहिल्या राउंडची, समोर शाळेची पोरं. भाऊ म्हणाले, आपलं मंडळ कोणाला सोडत नाही. टिप्या किती मॅच बाहेर, हे कोणी विचारलं नाही. मी विचारणार होतो, तेवढ्यात चहा आला.

२३ जानेवारी
मितेशशिवाय आरामात जिंकलो. तो मांडवात बसून भजी खात होता. नवख्याला वाटलं असतं, प्रमुख पाहुणे. राखीवमध्ये भाऊंचा भाचा परेश. मला पाणी द्यायला ठेवलं. मितेशला आठवण करून दिली तर म्हणाला, अरे हो फक्की, पुढच्या वर्षी नक्की.

२६ जानेवारी
फायनल जिंकली. मितेश बेस्ट प्लेअर. भाऊ माइकवर म्हणाले, आमचा मितेश शिस्तीचा, शिक्षासुद्धा हसत भोगली. माझं डोकं फिरलं. उद्या चौकी. आता कोणाच्या बापाला भीत नाही.

२७ जानेवारी
खरंच गेलो. लाथ, आवाज, टाळ्या, सगळं सांगितलं. हवालदार म्हणाला, तुमच्या भाऊंनी सांगितलंय मला. भर मीटिंगमध्ये तुला काही दिसलं नव्हतं. टीममध्ये घेतलं नाही म्हणून आता दिसायला लागलं काय? मी म्हटलं, तसं नाही साहेब. तो म्हणाला, मग कसं?
तिथून मावशीकडे. म्हटलं, मी सांगून आलो. ती वांगी रचत होती. म्हणाली, टिप्या काल गेला. भाजी घ्यायची तर घे, नायतर गिऱ्हाइकाची जागा सोड.

२ फेब्रुवारी
दोन दिवस जेवण गेलं नाही. आज नवा निश्चय. यापुढे एकही कुत्रं ग्राउंडवर येऊ द्यायचं नाही. त्यांच्याच भल्यासाठी. मितेश यायच्या आधीपासून पहारा. एवढं तर माझ्या हातात आहे.

५ फेब्रुवारी
प्रॅक्टिसला पोरं जमली आणि कुठूनतरी एक पिल्लू आलं. सरळ रेषेकडे. समोरून मितेश येत होता. हाड हाड केलं, ऐकेना. दगड उचलला. पुढ्यात पडावा, घाबरून पळावं, म्हणून मारला. पिल्लू आधी खाली बसलं, मग एका बाजूला कलंडलं.
मितेश थांबला. म्हणाला, काय नेम आहे रे तुझा!
मी थँक्यू म्हटलं.