बाबांचा डोळा आणि लारासच्या जटा

सेमारांग,
४ ऑगस्ट १९९६

ती. कार्सोदादास सेकारचा सलाम वि. वि.

बाबांच्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटलाय. डावा तर कधीचाच गेला. डॉक्टरीणबाईंनी तीन उपाय सांगितले. बाहेरून पट्टा शिवायचा. पण पडद्याची चीर फार मागे आहे, तो पुरणार नाही. आत वायू भरायचा. पालथं पडून राहायचं, काही आठवड्यांत तो आपोआप जिरतो. किंवा तेल, मग नजर धूसर, आणि ते काढायला पुन्हा शस्त्रक्रिया. बाबांना वायूच बरा, असं बाईंचं मत.

मात्र तो जिरेपर्यंत घाट चढायचा नाही. उंचावर वायू फुगतो, डोळा जाऊ शकतो; तेलाला ते भय नाही. आणि आपलं दिएंग ढगांत! बाबा म्हणतात, तेलच भरा, या महिन्यातल्या विधीत लारासच्या जटा कापताना नातीला मांडीवर मीच घेणार. मी समजावून दमले, तर विचारतात, कॉलेजात गेलीस म्हणून बापाचा डोळा तुझ्या मालकीचा झाला का?

विधी पुढे ढकल, दादा. परवा सकाळी शस्त्रक्रिया आहे. बटाट्याच्या ट्रकवाल्याबरोबरच उत्तर धाड.

तुझी थकलेली,
सेकार

दिएंग,
५ ऑगस्ट

चि. सेकारला आशीर्वाद.

शहाणे, विधीचा दिवस काय बसची वेळ आहे, बदलायला? गावचे वडीलधारे माझ्यावरच उखडले. लारासने जटांच्या बदल्यात मागितलेली दोन पांढरी बदकं अंगणात आहेत, घाण काढून तुझी वहिनी वैतागली आहे.

तरी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. लारास ऐकत होती. वडीलधाऱ्यांनी रीतीप्रमाणे तिला काय हवं ते शेवटचं विचारलं, तर म्हणाली, बदकं नकोत, आजोबांनी मला नीट बघायला हवं. आता मूल मागेल ते द्यावंच लागतं, नाहीतर जटा पुन्हा उगवतात. विधी बाबांची नजर येईपर्यंत थांबला.

बाबांना हे वाचून दाखव. रागावू नकोस माझ्यावर.

कार्सो

सेमारांग,
८ ऑगस्ट

चि. लारासला आत्याचा पापा.

तुझ्या बाबांचं पत्र आजोबांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, भरा तुमचा वारा, आमच्या मालकिणीचा हुकूम आहे. पडदा बसलाय, टिकेल अशी आशा आहे.

आता ते पालथे पडून आहेत. मान अवघडली का विचारलं, तर म्हणाले, बटाटे लावताना जन्मभर खालीच बघितलं, आता काय नवीन? मीही बाकावर बसल्या बसल्या पेंगते.

त्यांचा निरोप आहे: बदकं परत करू नकोस. नजर आली की तीही बघायची आहेत.

आत्याला विसरू नकोस.

सेकार