चार खिडक्या आणि हिरवं बटण

३ मार्च, सोमवार

पोपट पावला! तीन पोपट एका ओळीत, आणि तेवढ्यात शेजारच्या खिडकीत जहाजही लागलं. दोन्हीकडे एकदम घंटा. मी खुर्चीतच उडाले. या वयात असं उडायचं नसतं, कंबर लगेच आठवण करून देते.

चार खिडक्या उघड्या असतात माझ्या. एक पोपटाची, एक जहाजाची, एक पत्ते वाटणाऱ्या लाल झगेवाल्या पोरीची आणि एक चक्राची. चार वेगवेगळे जुगाराचे अड्डे, एकाच काँप्युटरवर. त्यांची नावं मला वाचता येत नाहीत. अक्षर शिकलेच नाही. आकडे तेवढे येतात — शिवणकारखान्यात चाळीस वर्षं काजं-बटणं केली, किती नग झाले ते मोजता आलं नसतं तर मुकादमाने मला कच्चं खाल्लं असतं. चार शिंप्यांचे शर्ट एकदम पुढ्यात पडायचे. एकाचं काज, दुसऱ्याचं बटण, तिसऱ्याचा धागा तोड. तीच सवय. एकच खिडकी उघडली तर मला डुलकी लागते.

हे मी बोलतेय ते हाच काँप्युटर लिहून घेतो. नातीने शिकवलं, वसतिगृहात जायच्या आदल्या दिवशी. "आजी, हे माइकचं चित्र दाब आणि बोल." — अहो, ठेवा तिथेच दाराशी, घेते मी आत! — गॅसवाला होता. मेल्या काँप्युटरने तेही लिहिलं असणार.

असू दे. वाचणार कोण? मला तर येत नाही. याहून चांगलं कुलूप कुठे मिळणार!

५ मार्च, बुधवार

खरं सांगून टाकते. काँप्युटर माझा नाही. मुलाचा आहे. खिडक्याही त्याच्याच.

दोन वर्षं तो यांच्यात बुडाला होता. सूनबाईने बॅग भरली तेव्हा शुद्धीवर आला. चारही ठिकाणी स्वतःच कळवून स्वतःवर सहा महिन्यांची बंदी घालून घेतली. आणि हे यंत्र उचलून माझ्याकडे आणलं. मी म्हटलं, "अरे, आतलं सगळं पुसून तरी टाक." तर म्हणाला, "पुसायला उघडावं लागेल, आई. उघडायचंच नाही असं ठरवलंय. तुझ्याकडे राहू दे, नातीशी बोलत जा यावर. तुला वाचता येत नाही. याला एवढी सुरक्षित जागा जगात नाही."

सुरक्षित जागा! म्हणजे मी!

मागच्या महिन्यात नातीला फोन लावायला गेले यावरून आणि भलतंच चित्र दाबलं गेलं. पोपट आला. त्याच्यावर मोठी पाटी — चार ओळी अक्षरं, खाली दोन बटणं, एक लाल, एक हिरवं. लाल म्हणजे थांबा, हिरवं म्हणजे चला, एवढं मला रस्ता ओलांडताना कळतं. हिरवं दाबलं. वरून सोन्याच्या चकत्यांचा ढीग पडला, फुकट! मग शेजारची चित्रं दाबली. सगळीकडे तीच पाटी. सगळीकडे मी हिरवं.

तेव्हापासून फुकटच्या चकत्यांवरच चाललंय. दुपारी दोन ते चार.

९ मार्च, रविवार

आज खेळले नाही.

खोटं. लाल झगेवालीकडे पाच मिनिटं गेले होते. हसते छान पोरगी.

११ मार्च, मंगळवार

मुलगा येऊन गेला. लिफ्ट दुरुस्तीची कामं करतो, या इमारतीतून त्या इमारतीत, हातांचं ग्रीस कधी निघत नाही. मी काँप्युटरवर फडकं टाकून ठेवलं होतं. तरी त्याने खुर्ची फिरवून घेतली, पाठ करून बसला. भूत असल्यासारखा!

म्हणाला, "सहा महिने होऊन गेले, आई. एकदाही नाही. विचारसुद्धा नाही... म्हणजे विचार येतो. पण हात नाही लावला."

मी म्हटलं, "जगभराच्या लिफ्टा वर काढतोस, स्वतःलाही काढलंस की!" हसला. लहानपणी दात पडल्यावर हसायचा तसा.

फडक्याखाली यंत्र गरम होतं. अर्ध्या तासापूर्वीच उठले होते मी.

१४ मार्च, शुक्रवार

घात झाला.

सूनबाईचा फोन. मुलाचे मेल तीच बघते आता, तसं ठरलंय दोघांत. आज तिने कचऱ्यात पडलेलं टपालही उघडून पाहिलं. चारही अड्ड्यांकडून! पुन्हा स्वागत, अभिनंदन, अमुक तास खेळलात. रोज दुपारी दोन ते चार. आणि दुपारी तो कुठल्या लिफ्टच्या खड्ड्यात असतो याला साक्षीदार कोण?

"आई, तो माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलतोय. शपथा घेतोय!" रडत होती.

मी म्हटलं, "हो का?"

१५ मार्च, शनिवार

हो का! एवढंच सुचलं! जीभ झडली होती का माझी?

१८ मार्च, मंगळवार

सूनबाईने रविवारपर्यंत मुदत दिलीय. कबूल कर, नाहीतर मी भावाकडे चालले, या वेळी परत येणार नाही. काय कबूल करणार तो? न केलेलं?

कामावरून इथेच आला. भिंतीकडे बघत बसला. "आई, तुझा तरी विश्वास आहे ना माझ्यावर?"

"आहे," म्हटलं.

"कसा काय? कुणाचाच नाही. मला स्वतःलाच वाटायला लागलंय की झोपेत खेळलो असेन."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि मनात काय आलं — हा आता यंत्र घेऊन जाईल! पोटच्या पोराचा संसार मोडतोय आणि मला पोपटाची पडलीय. मुकादमाने शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

चहात साखर घालायची विसरले. तो तसाच प्याला.

२० मार्च, गुरुवार

गेले. सूनबाईच्या चष्म्याच्या दुकानात. गिऱ्हाईक नव्हतं, ती काचा पुसत होती. उभ्या उभ्या सांगून टाकलं — तो नाही गं, मी.

आधी हसली. मग डोळे भरले. "आई, तुम्हाला विजेच्या बिलावरचं नाव वाचता येत नाही. आणि चार चार कॅसिनो तुम्ही चालवता?"

"चालवते की! एकदम!"

"मीही एका मुलीची आई आहे. लेकरासाठी खोटं बोलावंसं वाटतं, कळतं मला. पण मला इतकी खुळी समजू नका."

आणि रिक्षा करून दिली मला. पैसेही तिनेच दिले.

आयुष्यभर 'मी अडाणी बाई, मला काय कळतंय' म्हणत किती ठिकाणांहून सुटले. आज पहिल्यांदा खरं बोलले तर कुणी अडकवूनच घेईना!

२३ मार्च, रविवार

दोघांना बोलावलं. तो येईना — "त्या खोलीत नको, आई." मी म्हटलं, "तुझ्यासाठीच आहे. ये."

फडकं काढलं. चारही खिडक्या लावल्या आणि बसले. पोपट फिरवला, जहाज सोडलं, झगेवालीकडून पत्ता मागितला, चक्राला टिचकी. बोटं काजावर चालायची तशी चालली. सूनबाईचा हात तोंडावर. "अगं बाई! हे... तुम्ही?"

"थांब जरा, चक्र फिरतंय."

मग ती पाटी कशी होती, कुठे होती, बटणं कुठली, सगळं बोटाने दाखवलं. तिने कपाळावर हात मारला. "आई, तिथे लिहिलेलं असतं, बंदीची मुदत संपली, परत यायचंय का? तुम्ही त्याच्या नावाने हो म्हणालात!" खाली फरशीवरच बसली. हसू की रडू, तिलाच कळेना. उठून त्याचे ग्रीसचे हात धरले, "चुकले रे मी" म्हणाली. मला म्हणाली, "आणि तुम्ही! शाळेत घातलं असतं तुम्हाला तर बँक लुटली असतीत!"

तो माझ्या खुर्चीमागे उभा होता, तिच्या पाठीला धरून. खुर्ची बारीक हलत होती. एकदाच बोलला, अगदी हळू — "जहाज राहू दे, आई. चक्राकडे बघ."

उद्या संध्याकाळी सूनबाई दुकानातून परस्पर येणार आणि यंत्र घेऊन जाणार, पुसून टाकायला. न्या बाई! आज जेवण गेलं. कित्येक दिवसांनी.

२४ मार्च, सोमवार

दुपारी तो आला. एकटाच, कामाच्या कपड्यांत. चहा नको म्हणाला. दाराशी उभा राहून माझ्या चारही खिडक्यांकडे बघत राहिला.

मग म्हणाला, "आई, जरा सरक."

सरकले.