रुमालाखालची पाच बोटं

आण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमचा राग मला आता येतो आहे. महापुरात हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत पाणी शिरलं, शेतकऱ्यांनी तुमच्या भरवशावर ठेवलेली हळद कुजली, तेव्हा मी बाळंतपणासाठी सांगलीला आले होते. वकीलकाका म्हणाले, नादारीचा अर्ज करू, आहे ते कोर्ट वाटून देईल, तुम्ही मोकळे. आई लगेच म्हणाली, करा. तुम्ही मात्र म्हणालात, "ज्यांच्याशी रोज राम राम करायचा, त्यांना कोर्टाची नोटीस धाडू?" आणि एकेकाला घरी बोलावलंत.

त्या शेतकऱ्यांपैकी कुंडलचे काका आले तो दिवस आठवतो. बाळ माझ्या मांडीवर आहे, मी दाराआड बसले आहे. चप्पल काढता काढताच ते म्हणतात, "काय आण्णा, पोरगी बाळंत झाली, पेढं कुठायत?" आई आतून म्हणते, "हळद कुजली, आता कसले पेढे!" "आवं वैनी, हळद कुजली, नात न्हाई कुजली." तुम्ही हसता. मग बाजारातल्यासारखा रुमाल पसरता आणि दोघांचे हात त्याखाली जातात. एक बोट म्हणजे रुपयातले वीस पैसे, पाचही धरली तर पूर्ण रुपया. कोण किती सोडतो, हे तिसऱ्याला कळू नये म्हणून ही पद्धत. काका तुमच्याकडे बघत राहिले, मग मान खाली घालून पाणीसुद्धा न पिता गेले. तसेच सगळे गेले.

त्यानंतर देणी फेडायला तुम्ही दुसऱ्याच्या पेढीवर दिवाणजी झालात. संध्याकाळी यायचात ते भिंतीला टेकून बसायचात. नात मांडीवर चढायला आली की म्हणायचात, थांब गं, जरा श्वास घेऊ दे. आम्हाला वाटायचं, लोकांनी दया दाखवली नाही. तसेच एक दिवस पेढीवरच गेलात.

तेराव्याला कुंडलचे काका आईसमोर बसून रडले, मला म्हणाले, "तुझा बा लय ताठ, पोरी. म्या तीनच बोटं धरली हुती, बाकीचं सोडाय आलतो. त्यानं उरल्याली दोन आपल्या हातानं माझ्या मुठीत घातली."

"मग तुम्ही घेतलीत कशाला?" मी विचारलं.

"रुमालाखाली झाल्यालं मोडत न्हाईत."

आई उठून आत गेली. नंतर तिनं तो विषय कधी काढला नाही.

आता माझी पाळी आहे. पाचगणीतल्या शाळांना जेवण पुरवण्याचं माझं काम बंद पडलं. वकिलांनी तोच अर्ज सुचवला, मी तुमच्यासारखंच आधी माणसांना विचारू म्हटलं. गाडी विकून स्वयंपाकाच्या बायकांचे पगार दिले. बँकेनं मुदत वाढवली, हप्ता लहान झाला. राहिले होते वाईचे किराणा व्यापारी. आज त्यांच्याकडे गेले, तुमच्या जावयांना मुद्दाम शेजारी बसवून. मी काय कबूल करते ते घरात कुणाला तरी कळायला हवं होतं. तुम्ही आम्हाला कळू दिलं असतं, तर आईनं तुमचा हात धरला असता. लोक चार दिवस बोलले असते, आण्णा. तुम्ही नातीच्या लग्नात असतात.

व्यापारी म्हणाले, "ताई, कोर्टात गेलात तर दोघांच्याही चपला झिजतील. निम्मं द्या हप्त्यानं, बाकी सोडलं." तुम्ही काय केलं असतंत, ते मला माहीत होतं. मी लगेच "चालेल" म्हटलं. पूर्ण देते, असं एकदाही म्हटलं नाही.

हे आईला वाचायला देणार नाही. ती काही बोलणार नाही, आणि तेच मला सहन व्हायचं नाही. पण तुम्हाला सांगते. बाहेर पडल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर बसले, आता लाज वाटेल म्हणून वाट बघत. लाज आली नाही. कितीतरी महिन्यांनी मला भूक लागली होती. जावयांनी दोघांसाठी भजी आणली, ती मी एकटीनंच संपवली.