परतीचा आहेर

आज शनिवार, दिनांक ११ जानेवारी २०२५, सकाळचे सव्वादहा. हातातली रजई टाचून झाली, दोरा तोडला, सुई डबीत ठेवली आणि हा कागद पुढे ओढला.

मी, वकार नबी मन्सुरी, वय २७, धंदा पिंजारकाम, शिक्षण नववी पास, राहणार बार्शीटाकळी, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. परवा अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "गाठ राहिली नाही. आता सहा महिन्यांनी या." मग हा कागद कशाला, असे अम्मीने विचारले. गरज होती तेव्हा पेन धरवत नव्हते. आता अक्षर सरळ येते, म्हणून आता लिहितो.

१. घर अम्मीच्या, म्हणजे अनवरी नबी मन्सुरी यांच्या नावावर आहे. त्याबद्दल मी काही लिहिणे बरोबर नाही. माझ्या कमाईचे जे काही निघेल ते शरियतप्रमाणे अम्मी आणि धाकटा भाऊ मुजम्मिल यांच्यात वाटावे.

२. कापूस पिंजायचे यंत्र मुजम्मिलने घ्यावे. अम्मीची हरकत नाही. अट एकच. दर हिवाळ्यात पाच रजया अमरावतीच्या त्या धर्मशाळेत पोचवाव्यात, जिथे पेशंटचे नातेवाईक फरशीवर झोपतात. अम्मी तिथे माझ्यासाठी दोन महिने झोपली आहे. अब्बांची धनुकली भिंतीवरून काढू नये. तिच्यावर आता कोणी कापूस पिंजत नाही, पण ती नसली की खोली उघडी वाटते.

३. चहावाल्या माणिकबाईंनी माझ्या आजारपणात माझा कप वेगळा ठेवला होता. हा रोग उष्ट्याने लागत नाही, हे मी दोनदा सांगितले. तो कानतुटका कप मी विकत घेतला आहे. तो त्यांना परत द्यावा आणि त्यातून एकदा चहा प्यायला लावावा. बाकी राग नाही. पुढे कलम चारमध्ये आहे तो आहेर त्यांनीही टाकला होता.

४. हे कलम मुख्य आहे. माझ्या बँक खात्यात आज ६८,४३६ रुपये असे आहेत, जे माझे नाहीत.

मानेतली गाठ कॅन्सरची निघाली. इंजेक्शने सरकारी योजनेत बसली, पण वरची औषधे, तपासण्या आणि येणे-जाणे बसले नाही. गावातल्या लग्नांत आहेराची वही आणि माइक ज्यांच्याकडे असतो, ते नत्थुजी घरी आले. माझ्यासाठी डबा फिरवू नका, असे मी त्यांना सांगितले.

ते म्हणाले, "डबा कोन फिरवून राहिलं बे? आहेर घेऊन राहिलो. तुया लग्नात लोकं देतीनच ना? आता थोडं आंधी देतीन."

शाळेच्या मैदानात मंडप टाकला गेला. नत्थुजींनी दोन तास एकेक नाव पुकारले, एक्कावन्न, एकशे एक, पाचशे एक. शेवटी सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेले, "मंडळी, कोनीही जेवल्याबिगर जाऊ नये!" चूलच पेटलेली नव्हती आणि माणसे पंगत धरून बसली. नत्थुजी माइकवर हात ठेवून म्हणाले, "मेलो." तेवढ्यात भाजीवाल्या आशाबाईंनी वांग्यांची टोपली तिथेच उपडी केली. मग कोणी आलू आणले, कोणी कणीक मळली. तीन वाजता सगळे जेवले. मीही जेवलो. बऱ्याच दिवसांनी पोटभर.

त्या दिवशी मुजम्मिल अकोल्याला निघून गेला होता. भावासाठी मंडप टाकून पैसे मागतात, हे त्याला पाहवले नाही. मला त्याचा राग होता. तो इथे लिहून संपवतो. आम्ही घरी उर्दूत बोलतो, त्यामुळे पुढचे त्याचे शब्द माझ्या मराठीत.

पैसे उरले तेव्हा तो म्हणाला, "खाते तुझे, नाव तुझे. ई-रिक्षा घेऊ. कोण विचारणार?" मला झोप लागेना. मी गेलो असतो तर हा पैसा वारसांचा झाला असता. वकीलसाहेब म्हणाले, तुमच्यात मृत्युपत्राने तिसऱ्या हिश्श्यापुरतेच देता येते. मी म्हटले, "साहेब, ही मालमत्ता नाही, अमानत आहे. लोकांची माझ्याकडे असलेली ठेव." ते म्हणाले, "मग तसे लिही आणि वारसांची सही घे." मुजम्मिल सही द्यायला तयार नव्हता.

गेल्या महिन्यात आशाबाईंच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. अम्मी पैसे घेऊन गेली. त्यांनी घेतले नाहीत. "मले नाही पाहिजे कोनाचं. वांगे इकीन." काल मी मुद्दाम मुजम्मिललाच वीस हजार देऊन पाठवले. त्यांनी दार अर्धे लोटून घेतले. काय बोलायचे ते मी त्याला शिकवले नव्हते. तो म्हणाला, "मावशी, माझ्या भावाच्या मंडपात तुम्ही एक्कावन्न टाकले होते. परतीचा आहेर आणला. वाढवूनच द्यायची रीत आहे."

"एवढा वाढवतेत काय रे पोट्ट्या?"

"वांगे धरले त्यात."

त्या हसल्या आणि पैसे घेतले. मुजम्मिल घरी आला, चपलाही काढल्या नाहीत. म्हणाला, "कागद झाला का? सही कुठे करू?"

म्हणून लिहून ठेवतो. ही रक्कम अमानत आहे. मी असो वा नसो, गावात ज्या घरी हा रोग येईल त्या घरी ती परतीचा आहेर म्हणून द्यावी. त्या घराने मला दिले होते की नाही, हे पाहू नये. व्यवस्था नत्थुजी आणि मुजम्मिल यांनी पाहावी. घेणाऱ्याचे नाव माइकवर पुकारू नये. पुन्हा मंडप टाकलाच, तर स्वयंपाकाचे आधी ठरवावे.

वारसांची संमती : कलम चार वाचले. या पैशावर आमचा हक्क नाही. मंजूर.
मुजम्मिल नबी मन्सुरी (सही)
अनवरी नबी मन्सुरी (अंगठा, वाचून दाखवल्यावर)

साक्षीदार : नत्थुजी इंगळे (सही), रूपाली तायडे, शिक्षिका (सही)

लिहिणार : वकार नबी मन्सुरी (सही)
ठिकाण : बार्शीटाकळी. दिनांक ११ जानेवारी २०२५.

सोबत हिशेब
आहेर जमा : २,१४,३०६
औषधे, तपासण्या : ९६,४२०
एसटी, राहणे : २१,१५०
जेवण, दूध : ८,३००
आशाबाईंना परतीचा आहेर : २०,०००
शिल्लक अमानत : ६८,४३६
देणे : मंडपात आलेल्या प्रत्येक घराचा एक आहेर. फेडायला मी आहे.