विकायचं कारण

प्रिय निशी,

टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या गर्दीत, आपल्या नेहमीच्या टेबलाशी बसलेय. समोर कोपीचा, इथल्या दाट कॉफीचा, एकच कप आहे.

इथेच तू मला शिकवायचास, "नीता, डे ट्रेडिंगमध्ये तोटा थांबवणारा स्टॉप-लॉस जवळ लावतो, म्हणून शेअर जास्त घेतले तरी चालतात. लाँग टर्मला हेलकावे मोठे, म्हणून थोडेच घ्यायचे. मग कितीही पडले तरी झोप लागते. आणि घेताना, विकताना, कारण मोठ्याने बोलायचं."

आपल्या त्या थोड्याशा शेअर्सचं कारण मी बोलले होते: रिटायर झाल्यावर दोघांनी दापोलीला राहायचं. तू हसून बटण दाबलं होतंस. कारण संपलं की विकायचे, हेही तेव्हाच बजावलंस.

तुझं तेरावं झाल्यापासून आपली चैत्राली तिच्या सिंगापुरी इंग्रजीत मागे लागलीय, "आई, जस्ट सेल लाह." तिचं चुकत नाही. तुझ्या नियमानेही विकायलाच हवेत. जाताना ते नियम तेवढे सोबत न्यायचे होतेस!

आज विकायच्या बटणापर्यंत बोट नेलं. कारण मोठ्याने बोलायचं होतं, निशी. 'निशी गेला', एवढंच. मी फोन पालथा ठेवला.

शेअर आहेत तिथेच आहेत.

तुझीच,
नीता