सेफ्टीची खिडकी आणि बाबांचे कान

१० फेब्रुवारी

सुटले! बुटांचे खोके अखेर आले, आणि या खेपेला दोन्ही पाय एकाच मापाचे. मागच्या वेळी डावा आठ नंबर, उजवा नऊ – पत्रे ठोकणारं अख्खं प्रेस शॉप माझ्या नावानं खडे फोडत होतं. जणू मीच ते शिवले होते!

आता कारखान्याच्या सेफ्टी स्टोअरच्या माझ्या खिडकीसमोर रांग लागली तरी धास्ती वाटत नाही. हेल्मेट, चष्मा, हातमोजे, बूट – घ्या, सही करा, निघा. क्रेनवाला चष्मा कपाळावर चढवून आला. म्हटलं, "दादा, डोळे वर सरकलेत का?" सगळी रांग हसली. चष्मा मुकाट्यानं खाली आला. ओरडण्यापेक्षा चेष्टा लवकर लागू पडते, हे मला आता कळायला लागलंय.

११ फेब्रुवारी

कुठे एक दिवस सुखाचा गेला होता! सेफ्टीसाहेबांनी नवा नियम लावला. प्रेस शॉपमध्ये पाऊल टाकायचं तर कानांवर आवाज अडवणारा मफ हवाच. मफ मिळायच्या आधी कानांची तपासणी. तपासणी नाही तर मफ नाही. मफाशिवाय तिसऱ्यांदा सापडेल त्याची रवानगी पॅकिंगच्या टेबलावर, कायमची. आणि ज्याचे कान फारच गेलेत त्याचीही तिथेच. फेरी मारून नावं द्यायची कुणी? तर खिडकीवालीनं!

खिडकीवाली म्हणजे मी. आणि सात नंबरच्या मशीनवर कोण? माझे सासरे!

बाबांना ऐकू येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तीनेक वर्षं झाली. कारखान्यात आम्ही कुणाला पत्ता लागू दिला नाही. प्रेस शॉपच्या दणदणाटात तसंही कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, सगळे हातवारेच करतात. त्यात त्यांचं खपून गेलं. पण आता तपासणी म्हणजे पितळ उघडं पडलंच म्हणायचं. रिटायर व्हायला थोडेच महिने राहिलेत, तोवर हा घोळ! त्या मशीनवर त्यांचा केवढा जीव आहे. पॅकिंगला बसवलं तर हाय खातील. मला नुसत्या विचारानंच जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी

तपासणीची गाडी आली. आत एक बंद खोली, खोलीत खुर्ची. कानाला हेडफोन लावायचा आणि बारीक टुंइं ऐकू आलं की बटण दाबायचं. तपासणाऱ्या बाईंना सगळे 'कानवाल्या बाई' म्हणायला लागलेसुद्धा. रांगेत सगळे होते. बाबा नव्हते.

१४ फेब्रुवारी

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा बाबांची चप्पल दारात वाजली की टीव्ही बंद, तोंडं बंद. मारकुटे नव्हते, ओरडायचेही फारसे नाहीत. नुसतं बघायचे! आई तर भांडंसुद्धा जपून ठेवायच्या. मग त्यांचे कान गेले आणि घराला वाचा फुटली. आता त्यांच्या समोर बसून आम्ही त्यांच्यावर विनोद करतो. वाईट वाटतं, पण खरं सांगायचं तर या घरात मी मोकळा श्वास घ्यायला लागले तो तेव्हापासूनच.

आणि आई! रोज संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घेऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसतात आणि जन्माचं साठलेलं सगळं सांगत राहतात. आज म्हणत होत्या, "माझा शिवणाचा क्लास बंद पाडलात, आठवतंय? कुठलं आठवायला. घ्या, चहा घ्या." बाबांनी चहा घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसले. भिंतीशी बोलावं तसा सगळा प्रकार. पण तेवढ्या वेळात आईंचा चेहरा कसा हलका होतो! मग मी तरी वाईट किती वाटून घ्यायचं?

१६ फेब्रुवारी

साहेब रजेवर. फेरी नाही. देव पावला!

१७ फेब्रुवारी

आज फेरी झाली. साहेब माझ्या शेजारीच चालत होते. मफ म्हणजे गळ्यातला दागिना असं बऱ्याच जणांना वाटतं, त्यांना हटकत हटकत सात नंबरपाशी आलो. बाबांचे दोन्ही कान उघडे! साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांचं नाव दिलं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पत्र्याकडे वळले.

घरी नवरा उखडला. "स्वतःच्या सासऱ्याचं नाव दिलंस?"

"साहेब शेजारी उभे होते! काय पदराखाली लपवू त्यांना?"

आई मध्ये पडल्या. "तिला कशाला बोलतोस? तुझा बापच हट्टी. कान गेले, पण हेका गेला नाही." बाबा ताटात बघून जेवत होते.

१८ फेब्रुवारी

नवरा माझ्याशी कामापुरतंच बोलतोय. बाबाही बोलत नाहीत, पण ते तर कधीच बोलत नाहीत.

२० फेब्रुवारी

दुसऱ्यांदा सापडले. आता एकदाच उरलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांना नळापाशी गाठलं. कानाशी तोंड नेऊन ओरडले, "बाबा, तपासणी करून घ्या! जे व्हायचं ते होऊ दे!" नळावरचे सगळे वळून बघायला लागले. बाबा हात धूत म्हणाले, "बघू." बस्स. एवढंच. मला इतका राग आला की डबा तसाच परत आणला. अरे, मी काय हौसेनं करतेय हे?

त्यातून साहेबांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "बाई, तुमची अडचण कळते मला. पण मागे एकाला कानामुळेच हाताची बोटं गमवावी लागली. शेजारचा ओरडला, याला ऐकूच आलं नाही. मी कुणासाठी नियम वाकवू?" त्यांचं बरोबर आहे. बरोबर आहे म्हणून तर जास्त त्रास होतोय. बाबांची बोटं डोळ्यांसमोरून जात नाहीत.

२२ फेब्रुवारी

आज बांध फुटला. पोळ्या लाटता लाटता रडायलाच लागले. नवरा घाबरून आत आला. म्हटलं, "मी उद्या राजीनामा देते. तिसऱ्यांदा त्यांचं नाव माझ्या हातून जाणार नाही. दुसरी कुणी येईल, ती देईल. त्यांना त्या टेबलावर बसलेलं मला बघवणार नाही रे." तो म्हणाला, "वेडी आहेस का? तुला ते काम आवडतं."

आवडतं, म्हणून तर रडतेय! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला खिडकी दिली, किल्ल्या दिल्या. माणसं संध्याकाळी हातीपायी धड घरी जातात, त्यात माझाही थोडा हात असतो. हे सोडायचं म्हणजे जीव तुटतो. पण सोडीन.

आईही डोळे पुसत होत्या. बाबा तिथेच टेबलाशी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. मनात आलं, यांचं बरं आहे, कशाचा पत्ता नाही.

२३ फेब्रुवारी

राजीनामा पर्समध्ये घेऊन गेले होते. खिडकी उघडते तो समोर बाबा! रांगेत सगळ्यांच्या पुढे.

"दे तो मफ," म्हणाले.

मी ओरडले, "आधी तपासणी!"

"ठाऊक आहे," म्हणाले, आणि गाडीकडे चालू लागले. गाडीचं दार लागलं. मी खिडकीतून त्या दाराकडे बघत उभी. वेल्डर चार वेळा म्हणाला, "ताई, हातमोजे, हातमोजे." मी त्याला चष्मा दिला.

दुपारी साहेबांनी यादी वाचली. सात नंबर – मशीनवर कायम!

कायम! मी पुन्हा विचारलं. साहेब म्हणाले, "हो, कायम. मफ द्या त्यांना." मी माझ्या हातानं दिला. बाबांनी तो कानांवर चढवला तेव्हा डोक्याला दोन वाट्या लावल्यासारखे दिसत होते. मला हसूही येईना आणि रडूही.

घरी नुसता जल्लोष. कसं जमवलं असेल यावर खल झाला. नवरा म्हणतो, बाईंचा हात बघून बटण दाबलं असणार. आई म्हणतात, "नशीब म्हाताऱ्याचं." कसं का असेना! राजीनामा फाडून टाकला. किती दिवसांनी पोटभर जेवले. छातीवरचा धोंडा उतरला. हलकं हलकं वाटतंय. बाबांना मुद्दाम गरम पोळी वाढली. त्यांनी मान हलवली आणि चक्क हसले.

२४ फेब्रुवारी

कानवाल्या बाई आज गाडी आवरून निघाल्या. जाताना खिडकीशी थांबल्या. "सात नंबरवाले तुमचे सासरे ना? प्रेस शॉपमध्ये इतकी वर्षं काढून असे कान मी बघितले नाहीत. नोकरीला लागल्या दिवसापासून कानात मेण लावलेला कापूस घालतात म्हणे. टाचणी पडली तरी ऐकू येईल त्यांना!"

तीन वर्षं! स्वयंपाकघरात मी काय काय बोलले असेन! आणि परवाचं, राजीनाम्याचंसुद्धा –

सुटी झाल्यावर बाबा रस्त्यानं पुढे चालले होते. मी मागूनच, अगदी हळू म्हटलं, "बाबा, ऐकू येतं तुम्हाला?"

ते थांबले. वळले नाहीत.

"एकदा घरी आल्यावर कापूस काढायचा विसरलो," म्हणाले. "तुम्ही हाका मारल्या, मला कळल्या नाहीत. कान गेले असं तुम्हीच ठरवलंत. दुसऱ्या दिवसापासून मला बघून कुणी गप्प झालं नाही."

मग थोडं चालून झाल्यावर – "घरी सांगू नकोस, पोरी. तुझी सासू आत्ता कुठे माझ्याशी बोलायला लागलीय."