दोन टर्की, जाड आणि मोठ्या

आदरणीय दाजींस,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द मी या वेळी रीत म्हणून लिहिलेला नाही. हे पत्र लिहिताना मी खरोखरच पालथा पडलेलो आहे आणि आठही अंगं सतरंजीला टेकलेली आहेत. बसता येत नाही. का येत नाही, ते पुढे येईलच.) आपली प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? ताईचा खोकला गेला का? आपल्या पोल्ट्रीतल्या कोंबड्यांची, बदकांची आणि इतर मंडळींचीही खुशाली कळवावी. पक्ष्यांच्या तब्येतीत मला अलीकडे घरच्यासारखा रस निर्माण झाला आहे आणि त्याचं सगळं श्रेय आपल्याला आहे.

आपलं कार्ड चार दिवसांपूर्वी मिळालं. रविवारी आपण नि ताई जेवायला येता आहात, टर्की खायची आपली फार दिवसांची इच्छा आहे आणि दोन महिने आयतं खाऊन ते पक्षी आता चांगले भरले असतील, असं आपण लिहिता. शिवाय, जमणार नसेल तर आपण टेम्पो घेऊन याल आणि सगळे परत न्याल, कारण एक हॉटेलवाला मागतोच आहे, अशी सोयही आपण करून ठेवली आहे. म्हणजे रविवारी एक तर पातेलं, नाहीतर टेम्पो. दोन्हींत पक्ष्यांचं भवितव्य सारखंच, फक्त आचारी वेगळा. या विषयावर मत देण्याआधी हे पक्षी माझ्या घरी आले कसे, ते एकदा कागदावर यावं असं मला वाटतं, कारण 'मेहुण्याने हट्टाने मागून घेतले' असं आपण चारचौघांत सांगता, हे माझ्या कानावर आलं आहे.

मागून घेतले हे खरं. आमच्या वडिलांच्या कापडदुकानात टर्किश टॉवेलला नुसतं 'टर्की' म्हणायचे. ताईला विचारा. आम्ही भावंडं टर्कीला अंग पुसूनच मोठी झालो. त्यामुळे आम्ही या तळमजल्याच्या, मागे अंगण असलेल्या घरात राहायला आलो आणि नव्या घराला काय पाठवू असं आपण फोनवर प्रेमाने विचारलंत, तेव्हा मी संकोचून म्हणालो, काही नको हो, अगदीच वाटलं तर दोन टर्की द्या, जाड आणि मोठ्या. आपण विचारलंत, पांढऱ्या की काळ्या? मी म्हटलं, पांढऱ्या लवकर मळतात, काळ्याच बऱ्या. आपण म्हणालात, आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा. मी म्हटलं, ते तर करतोच, त्याशिवाय रंग पक्का होत नाही. (इथे आपण जरा घुटमळलात, मला चांगलं आठवतंय.) मग आपण विचारलंत, दोघांना दोन टर्की किती दिवस पुरतील? आणि मी, तीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, मनातल्या मनात कापड चाचपून म्हणालो, नीट वापरल्या, अधूनमधून उन्हात घातल्या, तर दहा वर्षांना मरण नाही. त्यावर आपण 'धन्य आहात' एवढंच म्हणालात. दाजी, आयुष्य पक्ष्यांत काढलेल्या माणसाला दहा वर्षं पुरणारी टर्की ऐकून एक साधी शंका येऊ नये?

हिने न्हाणीघराच्या दारावर दोन नवे हुक ठोकून घेतले होते. (ही दातांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे काहीही ठोकायचं, उपटायचं असलं की तिला हुरूप येतो.) मग आपला टेम्पो आला आणि ड्रायव्हरने चार खोकी अंगणात उतरवली. दोन खोक्यांत टर्की. उरलेल्या दोनांत, 'घरचं म्हणून वर' एक बदक आणि एक हंस. ड्रायव्हर म्हणाला, "सही करा, आणि बोटं आत घालू नका." वस्तू वापरायच्या सूचना म्हणून मला एवढंच मिळालं. ते दोन हुक आजही रिकामे आहेत.

पहिली चूक हिची. हिने त्यांना नावं ठेवली. (मला ती चोवीस वर्षं नावं ठेवतेच आहे, पण ती निराळी.) अंगाने मोठा तो टर्की थोरले, दुसरा धाकटे. बदक कायम पाण्यात बसून सगळ्यांवर टीका करतं म्हणून त्याचं नाव आत्याबाई. आणि हंस म्हणजे मुकादम, कारण तो आल्या दिवसापासून स्वतः काहीही न करता सगळ्यांच्या मागे ओरडत फिरतो. मी तेव्हाच बजावलं होतं की खायच्या वस्तूला नाव देऊ नये, बटाट्याला आपण कधी हाक मारतो का? पण माझं ऐकतो कोण.

थोरल्यांना माझ्या मशीनचा आवाज आवडतो. मी पायडल मारलं की अंगणातून 'घळघळघळ' अशी दाद येते. मोठ्याने बोललेलं तर त्यांना फारच आवडतं. परवा इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका माप द्यायला आल्या होत्या. भारदस्त बाई, शब्द जपून वापरणाऱ्या. मी माप घेताना आकडा मोठ्याने म्हणतो, जुनी सवय. मी म्हणालो, कंबर अडतीस. खिडकीतून 'घळघळघळ'. बाई जरा ताठ झाल्या. मी आवाज चढवून पुढचं माप सांगितलं, ते चव्वेचाळीस निघालं. आता थोरले आणि धाकटे दोघेही हसले, म्हणजे ऐकणाऱ्याला तसंच वाटावं. मी खुलासा केला की हे माझ्या दाजींनी पाठवलेले आहेत. का कोण जाणे, त्या खुलाशाने बाईंचं समाधान झालं नाही. कापड परत घेऊन गेल्या. त्यांच्या मागोमाग दोन शिक्षिकाही कापड घेऊन गेल्या, आणि त्यांची तर मापंही झाली नव्हती.

आता मुकादम. हंस म्हणजे दूध आणि पाणी वेगळं करणारा विवेकी पक्षी, असं आपण शाळेत शिकलो. आमचा हंस दूध आणि पाणी दोन्ही सांडतो, एवढाच त्याच्याकडे समभाव आहे. मीटर बघायला येणारा, गॅस सिलिंडर आणणारा आणि वरच्या मजल्यावरचे घरमालक या सगळ्यांना त्याने दाराबाहेर थोपवलं आहे. घरमालक आता जिन्यातूनच ओरडून बोलतात, आणि त्यांनी आवाज चढवला की थोरले उत्तर देतात. मला स्वतःच्या दुकानात, म्हणजे घराच्याच पुढच्या खोलीत, समोरच्या खिडकीतून चढून जावं लागतं. मागच्या सोमवारी तसाच चढत होतो, निम्मा आत आणि निम्मा बाहेर, आणि बाहेरच्या निम्म्यावर मुकादमाने हल्ला केला. आता आपल्याला पत्राची पहिली ओळ नीट कळली असेल. हिने औषध लावलं आणि लावताना हसली. मोठ्याने हसली. दवाखान्यात रोज लोकांना कळवळताना बघून माणूस कसा निबर होतो ते पाहा.

आणि ज्याला आम्ही दोन महिने 'तो मुकादम' म्हणत होतो, त्याने गेल्या आठवड्यात अंडं घातलं. मग आणखी चार. ती आता घरातल्या शेवटच्या चांगल्या टॉवेलवर, माझ्याच, ठिय्या देऊन बसली आहे. (आत्याबाईंची अंडी आम्ही मुकाट्याने खातो. भुर्जी चांगली होते, रंग केशरी येतो. पण मुकादमाच्या अंड्याकडे बघायची आमची छाती नाही.)

आता मुद्द्याचं. आपलं कार्ड वाचून मी काही हातावर हात ठेवून बसलो नाही. पाहुण्याला शब्द दिला म्हणजे दिला. आधी घरातलं सर्वांत मोठं पातेलं काढलं. थोरले त्यात मावतील की नाही, हे बघायला टेप घेऊन अंगणात गेलो. छाती अठ्ठावीस, गळा सहा, मागची उंची एकोणीस. दोघांचीही मापं घेतली, वहीत लिहिली. सांगायला हरकत नाही, पण इतकं शांत उभं राहणारं गिऱ्हाईक मला तीस वर्षांत मिळालेलं नाही. थोरल्यांनी तर मान आपणहून वर केली, गळ्याचं माप घ्यायला. पातेलं लहान पडलं. मग कोपऱ्यावरच्या खानावळीतल्या आचाऱ्याला विचारलं, तो म्हणाला भांडं मी देतो, तुकडे तुम्ही आणा. म्हणून खाटकाला घरी बोलावलं. चांगला आडदांड माणूस. मुकादम अंड्यांवर असल्यामुळे तो अंगणापर्यंत सुखरूप पोचला. थोरले नेहमीप्रमाणे येऊन माझ्या पायाशी टेकून उभे राहिले. खाटकाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"याला नाव आहे का?"

"थोरले," मी म्हणालो. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

"मग नाही जमायचं. नाव असलेलं मी घेत नाही. मला घरी जाऊन जेवायचं असतं."

आणि गेला. जाताना एक पँट उंची कमी करायला टाकून गेला. म्हणजे दाजी, मी प्रयत्नांत कुठेही कमी पडलो नाही, हे आपल्या ध्यानात यावं. अडचण आहे ती हिची. ही दवाखान्यातून आली की आधी अंगणात जाते, चहा नंतर. दाणे तीच टाकते, आत्याबाईंच्या टबातलं पाणी तीच बदलते, आणि रविवारचा विषय काढला की उठून आत जाते. बायकांचा जीव हळवा असतो, त्याला आपण काय करणार. मी मात्र या प्रकाराला पुरता विटलो आहे. माझं दुकान गेलं, टॉवेल गेला, बसणं गेलं. तेव्हा आपण रविवारी टेम्पो घेऊनच या आणि चौघांनाही घेऊन जा. हॉटेलवाल्याला माझा नमस्कार सांगा. मी दारात उभा राहून हात हलवीन, कारण बसता येत नाही.

ताईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला धाकटा मेहुणा

ता. क. टेम्पो रविवारी नको. मुकादम अंड्यांवरून महिनाभर उठत नाहीत, असं कळलं. अंड्यांवर बसलेल्याला हलवणं बरं नाही. मुकादमांना सोडून बाकीच्यांना नेणंही बरं नाही, त्या दिवसभर थोरल्यांना हाका मारतात.

ता. क. २. एकटीने घातलेल्या अंड्यांतून काही निघत नाही, हे आपण हसत हसत म्हणाल. मला माहीत आहे. पण रोज तोंडाकडे बघून तिला हे सांगायचं कुणी? तेव्हा येताना एक नर हंस घेऊन या. या अंड्यांचं जे व्हायचं ते होईल, पुढच्या खेपेला तरी तिचं बसणं फुकट जाऊ नये. नर शांत स्वभावाचा पाहा. (असा नसतो म्हणाल. तरी पाहा.)

ता. क. ३. खाली थोडी जागा उरली आहे ती हिला हवी आहे. मी अंगणात जातो, धाकट्यांनी दाणे खाल्ले नाहीत. हिने माझ्याबद्दल काही लिहिलं तर विश्वास ठेवू नका.

भाऊजींना नमस्कार. वरची तीन पानं मी वाचली. आता खरं लिहिते. पक्षी आले त्याच्या तिसऱ्याच दिवशी मीच तुमच्या ड्रायव्हरला फोन करून परत न्यायला बोलावलं होतं. तो आला तेव्हा खोकी सापडली नाहीत. यांनी ती मोडून आत्याबाईंना टबात चढायला फळी केली होती. मापं पातेल्यासाठी घेतली, हेही खोटं. थोरले पाठीवर चोच मारतात म्हणून धाकट्यांसाठी अस्तर लावून जाकीट शिवायचं होतं. शिवलं आहे, बटणं पाठीवर आहेत. थोरल्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनाही एक शिवलं. खाटकाला मी बोलावलं, पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं म्हणून. तो गेला तेव्हा हे न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धूत होते.

मुलगी नोकरीला लांब गेल्यापासून आमच्या घरात फक्त मशीन बोलायचं. मी दवाखान्यातून आले की हे मान वर करून 'आलीस' म्हणायचे, आणि संपलं. आता मी फाटकात असतानाच हे अंगणातून हाक मारतात, "अगं, लवकर ये, थोरल्यांनी काय केलंय बघ." थोरल्यांनी बहुतेक वेळा काहीच केलेलं नसतं. पण मी पळत जाते.

तेव्हा रविवारी अवश्य या. बटाट्याची भाजी करते. सुरी आणू नका, टेम्पो आणू नका. दोन टर्की मात्र नक्की आणा, अंग पुसायच्या. हुक अजून रिकामेच आहेत, आणि यांनी माझाही टॉवेल परवा मुकादमांच्या खाली सरकवला.

— ही